कोनाड्यातली डिक्शनरी

राजापेठ, अमरावती
५ नोव्हेंबर १९६१

चि. शेषराव यास अनेक आशीर्वाद.

एवढा मायना लिहायला मला अर्धा तास लागला. आठ वर्षांत पत्र नाही, भेट नाही, त्यातून तू आता स्वतः मास्तर. 'चि.' लिहावं की 'श्री.', आशीर्वाद द्यावा की नुसता नमस्कार, काही सुचेना. शेवटी जुनी सवय जिंकली. राग आला तर मायना खोडून टाक आणि पुढचं वाच.

तुझा पत्ता देवमननं दिला. तुझ्याच बाकावर बसायचा तो. आता एस.टी.त कंडक्टर आहे. चांदूर बाजारवरून परतवाड्याला जाणाऱ्या गाडीत भेटला. तिकीट फाडता फाडता म्हणाला, "सर, शेषराव अकोल्याले हाये. मिडल शाळेत इंग्रजी शिकवून राहिला. अन् तुमच्यासारखाच हाये. पोट्ट्यांच्या वहीत व्हेरी दिसला का लाल शाईनं खोडते." हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की चांदूर बाजारला उतरायचं राहून गेलं आणि विनाकारण परतवाडा पाहून आलो.

इकडची हकिकत थोडक्यात सांगतो. मी गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झालो. त्याच वर्षी माघात गोदावरी गेली. लेक सिंधू जबलपूरला तिच्या संसारात आहे. एकट्याला एवढं घर कशाला, म्हणून ते सोडलं आणि इथं राजापेठेत माडीवर दोन खोल्या घेतल्या. खाली टायपिंगचा क्लास आहे. दिवसभर टकटक चालते. आधी वैताग यायचा, आता रविवारी क्लास बंद असला की करमत नाही. आज रविवार आहे. दिवाळी दोन दिवसांवर आली, पण फराळाचं करायला घरात कोणी नाही आणि करून घालावं असंही कोणी नाही.

पत्राला कारण आहे. मी एक लहानसं टिपण लिहून राहिलो आहे (हे 'राहिलो' तुमच्या गावचं, मला चिकटलं). विषय, व्हेरी. हसू नकोस. तीस वर्षं ज्या शब्दावर मी लाल रेघ मारली, त्याची चौकशी निदान म्हातारपणी करावी असं वाटलं.

तुला वर्गात सांगितलं होतंच. हा शब्द इंग्रजांचा मुळातला नव्हे. फ्रेंचांकडून आला, सातशे वर्षांपूर्वी, आणि आला तेव्हा त्याचा अर्थ 'फार' असा नव्हता. 'खरा' असा होता. खरा मित्र, खरा शूर, खरा देव म्हणायचं झालं तर तेव्हाचे लोक हा शब्द लावत. पुढं तो 'खरोखर' झाला. खरोखर चांगला, खरोखर आजारी. मग लोकांनी तो इतका वापरला की त्यातला खरेपणा झिजला आणि नुसतं 'फार' उरलं. जुन्याचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. 'हाच तो माणूस', 'याच दिवशी' असं ठासून सांगायचं असलं की इंग्रज अजूनही व्हेरी म्हणतो.

हे सांगितलं त्या दिवशी तू उभा राहून विचारलं होतंस, "सर, आमच्याकडे भल्ला म्हनतेत. भल्ला मोठा, भल्लं ऊन. तो बी 'भला'पासून आला असन का?" पुढच्या बाकावरची मुलं हसली. मी हसलो नाही, पण त्यांना गप्पही केलं नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे. मला वाटतं, असावा. पण पुरावा मिळेपर्यंत सही करणार नाही.

टिपणासाठी मोठी डिक्शनरी लागली. तीच, जी तू मॅट्रिकच्या वर्षी नेली होतीस. घर बदलताना सापडली. तुला त्यातलं काही उतरवून हवं असेल तर कळव. साधं कार्ड टाकलंस तरी चालेल.

तुझा
चिं. वा. हरकरे


राजापेठ, अमरावती
३ डिसेंबर १९६१

चि. शेषराव यास आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं नाही. शाळा, सहामाहीच्या वह्या, मला सगळं ठाऊक आहे. तरी पोस्टमन दिसला की मी जिन्यात जाऊन उभा राहतो. क्लासमधल्या मुलींना वाटतं, मी त्यांच्या मशिनी मोजतो.

टिपण पुढं सरकलं. व्हेरी येण्याच्या आधी इंग्रज लोक 'स्विद' असा काहीतरी शब्द लावायचे. मूळ अर्थ 'जोरानं'. तो मेला. मग 'फुल' आला, म्हणजे भरून. 'राइट' आला, म्हणजे सरळ. तेही मागं पडले. मग आपला हा खरा माणूस आला आणि तोही वापरून वापरून पातळ झाला. आता त्यानंही कुणाचं समाधान होत नाही, म्हणून भयंकर सुंदर आणि भीषण चांगलं म्हणायला लागलेत. आपल्याकडे तरी काय वेगळं चाललंय? परवा खालच्या क्लासमधली एक मुलगी दुसरीला म्हणाली, "मले ते पातळ भयंकर आवडलं."

माझं म्हणणं हेच होतं. सगळ्यांना लावलेला शब्द कुणालाच लागत नाही. म्हणून मी तो खोडत होतो. हे तत्त्व वाईट नव्हतं. तूही तेच करतोस, म्हणजे तुलाही पटलं असावं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. टिपण लिहायला बसलो की ती मध्ये येते आणि हात थांबतो.

त्रेपन्न सालच्या मे महिन्यात, मॅट्रिकनंतर, तू माझ्याकडून दाखला नेलास. नागपूरच्या वसतिगृहासाठी हवा होता. राहणं-जेवण तिथं, म्हणून कॉलेज शक्य होतं. ते नसतं तर नव्हतं. शाळेच्या कागदावर मी लिहिलं की हा मुलगा इंग्रजीत वर्गात पहिला आहे, वर्तन आणि बुद्धी 'गुड'. नुसतं गुड. त्या काळी वऱ्हाडातला कुठलाही मास्तर कुठल्याही पोराला व्हेरी गुड लिहून द्यायचा. लिहिणाऱ्यालाही त्याचं काही वाटत नसे आणि वाचणाऱ्यालाही. त्यामुळं कुणी नुसतं गुड लिहिलं की वाचणारा समजायचा, पोरात काहीतरी खोट आहे. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी लिहिलं नाही. मनात म्हटलं, ज्याला हा शब्द काय आहे ते कळतं, त्याला तरी मी तो फुकट कसा देऊ?

तू कागद वाचलास, घडी घातलीस, नमस्कार केलास आणि गेलास. त्यानंतर मी तुला पाहिलेलं नाही. तुला जागा मिळाली नाही हे मला दुसऱ्यांकडून कळलं. तू अकोल्याला जिनिंगमध्ये कापूस तोलायला लागलास हेही दुसऱ्यांकडूनच.

तोवरच्या तेवीस वर्षांत मी कुणालाच तो शब्द दिला नव्हता. तुझ्यापुरता कंजूषपणा केला असं तरी समजू नकोस.

तुझा
चिं. वा. हरकरे


राजापेठ, अमरावती
१४ जानेवारी १९६२

शेषराव,

आज संक्रांत. खालच्या क्लासच्या बाईंनी तिळगूळ आणून दिला. तुमच्याकडे आता हा सण करतात की नाही मला माहीत नाही. विचारायला हवं होतं, पण विचारू कुणाला.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं. ते दीड महिना बोचून राहिलंय.

तेवीस वर्षांत कुणालाच दिला नव्हता, हे खरं नाही. एकाला दिला होता आणि तोही त्याच महिन्यात. कमलाकांतला. वकिलांचा मुलगा, तुझ्या पुढं दोन बाक. इंग्रजीत तुझ्या पासंगालाही पुरत नव्हता. त्याचे वडील घरी आले, बैठकीत बसले, चहा घेतला. म्हणाले, "हरकरे, तुमचं तत्त्व आम्हांला ठाऊक आहे, पण मुलाच्या जन्माचा प्रश्न आहे." मी हसलो, दौत पुढं ओढली आणि व्हेरी लिहून दिलं. हात जराही अडला नाही. त्यात लाजही वाटली नाही. तुझा कागद त्याआधी चारच दिवस लिहिला होता.

म्हणजे तत्त्व होतं ते तेवढंच.

आता डिक्शनरीबद्दल. 'घर बदलताना सापडली' असं मी पहिल्या पत्रात सहज लिहून गेलो. कशी सापडली ते सांगतो. बाहेरच्या खोलीतल्या फळीवर रद्दीच्या ढिगाखाली ती होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली. गाठ तशीच होती. आठ वर्षं तशीच होती, शेषराव. मी ती सोडलीच नव्हती.

त्या जूनमध्ये तुझ्या वडिलांच्या हातून ती आली, तेव्हा मला वाटलं की एका शब्दासाठी रुसून पोरगं पुस्तक परत करतंय. मलाही राग आला. म्हटलं, राहू दे तिथंच. हा माझा स्वभाव तू पाहिलेला आहेस.

गेल्या ऑक्टोबरात गाठ सोडली. पुस्तक व्ही अक्षरापाशी आपोआप उघडलं. आत माझाच दाखला होता आणि त्याला टाचलेली तुझी चिठ्ठी. तुला शब्द आठवत असतील, तरी उतरवून देतो. चिठ्ठी मी आता कुणालाही देणार नाही, तुलासुद्धा नाही.

'सर, मला मुदतीचा ताप आहे म्हणून बाबांना पाठवतो. वसतिगृहाच्या नियमात व्हेरी गुड असा शेरा पाहिजे असं आहे. तुम्ही वर्गात सांगितलं होतं की हा शब्द आधी खरा या अर्थाचा होता. तुम्हाला खरं वाटत असेल तरच घाला. वाटत नसेल तर दाखला तुमच्याकडेच ठेवा, मी समजून जाईन. शेवटची तारीख वीस जून आहे. आपला आज्ञाधारक, शेषराव मोतीराम तायडे.'

आणि दाखला माझ्याकडेच राहिला.

मी त्या दिवशी ती चिठ्ठी हातात घेऊन सामानाच्या पेटीवर बसलो. हमाल आले, त्यांनी विचारलं, "ही पेटी न्याची का?" मी उठलो नाही. त्यांनी आधी बाकीचं सामान नेलं.

तू काय समजून गेलास, एवढं मला कळव. बाकी काही नको.

चिं. वा. हरकरे


राजापेठ, अमरावती
११ मार्च १९६२

शेषराव,

तू लिहीत नाहीस. मी तरी लिहितो. आता वाईट सवय लागली आहे.

टिपण बंद केलं. त्या शब्दाचा सातशे वर्षांचा इतिहास मला पाठ आहे. पण त्रेपन्न सालच्या जूनमधल्या तेरा दिवसांचा नीट लिहून होत नव्हता. तो आज लिहितो. मागच्या पत्रात मी रागाचं कारण दिलं. ते खोटं नाही, पण राग नंतरचा. आधी दुसरं घडलं.

आठ जूनला सकाळी तुझे वडील आले. गावाहून पायी आले असावेत, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलं होतं. फाटकाशी उभं राहून त्यांनी हाक दिली, "मास्तर हायेत का? शेषरावनं पुस्तक देलं. पाहून घ्या म्हने." मी आत वर्तमानपत्र वाचत होतो. गोदावरी बाहेर गेली. तिनं हात पुढं केला नाही. म्हणाली, "ठेवा तिथं कोनाड्यात."

व्हरांड्यातला तो कोनाडा तुला ठाऊक आहे. तुमच्याकडून काही आलं की ते तिथं ठेवलं जायचं. तिथून ते आत कधी येईल, याचा काही नियम नव्हता. पाणी शिंपडून यायचं, कधी उन्हात पडून यायचं, कधी येतच नसे. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. मीही नाही.

गोदावरीवर ढकलणं सोपं आहे, ती आता नाही. पण ती मला म्हणाली होती, "तुमचं पुस्तक आहे, हवं तर तुम्ही घ्या." मी म्हटलं, "राहू दे, बघू." पुस्तक माझं. व्हरांडा पाच पावलांवर. मी उठलो नाही.

तुला वाटत असेल, हा माणूस वर्गात समतेवर बोलायचा. बोलायचो. गावात मला सुधारक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. रविवारी तुला शिकवायचो ते त्याच व्हरांड्यात. तुझ्यासाठी तिथं वेगळी चटई होती. कमलाकांतला आतल्या टेबलाशी. दोन वर्षांत मी तुला 'आत ये' असं एकदाही म्हटलं नाही आणि तुझ्या ते ध्यानात आलं नसेल असं स्वतःला समजावत राहिलो. तुला व्हेरीचा सगळा उगम सांगितला, पण उंबऱ्याच्या बाहेर बसवून.

अजून एक आहे. ते लिहिल्याशिवाय हे पत्र टाकण्यात अर्थ नाही.

तुझे वडील पुन्हा दोनदा आले. एकदा तेरा तारखेला, एकदा अठराला. हाक दिली नाही. फाटकापाशी उभे राहिले, कोनाड्याकडं पाहिलं. गठ्ठा त्यांनी बांधला तसाच तिथं होता. मी खिडकीतून दोन्ही वेळा पाहिलं. दुसऱ्या वेळी आमची नजरानजर झाली असं मला वाटलं, म्हणून मी वर्तमानपत्र वर धरलं. ते बराच वेळ उभे होते. मग गेले. तो सबंध महिना मी अमरावती सोडून कुठंही गेलो नव्हतो. मी घरातच होतो.

पुढं पावसाळ्यात कुणीतरी गठ्ठा उचलून रद्दीत टाकला.

हे सगळं लिहिल्यावर मोकळं वाटेल असं वाटलं होतं. थोडं वाटतंय. तेही खरंच सांगतो. खाली आज क्लास बंद आहे आणि माझ्याच टाकाचा आवाज मला ऐकू येतोय.

चिं. वा. हरकरे


अकोला
२ जुलै १९६२

आदरणीय सर,
सप्रेम जयभीम.

तुमची चारही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही याचं कारण रुसवा नव्हता. मी खाजगी अभ्यास करून बी.ए.ला बसलो होतो, विषय इंग्रजी. निकाल हातात घेऊनच तुमच्याकडं यायचं, आधी तोंड दाखवायचं नाही, असं नऊ वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. निकाल गेल्या आठवड्यात लागला. पास झालो.

मी काय समजून गेलो, असं तुम्ही विचारलं. मी काहीच समजलो नव्हतो. मी तापात होतो. बाबा तिन्ही वेळा परत येऊन एकच म्हणाले, "मास्तर गावाले गेले, बापू. आले का पाह्यतीन." वीस तारीख गेली. मला वाटलं, नशिबात नव्हतं, सर गावी नव्हते. सर असते तर त्यांनी लिहून दिलं असतं. जिनिंगमध्ये सहा वर्षं कापूस तोलताना माझ्याजवळ हे एकच होतं. मुलांच्या वहीतला तो शब्द खोडताना मला तुमच्या शेजारी बसल्यासारखं वाटायचं.

बाबा सत्तावन्न साली वारले. शेवटपर्यंत त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही. तुम्ही घरात होता, हे मला तुमच्या मार्चच्या पत्रानं कळलं.

चटई माझ्या ध्यानात होती, सर.

काल एका पोराच्या वहीत तो शब्द आला. मी खोडला नाही.

आपला
शेषराव तायडे


राजापेठ, अमरावती
१३ ऑगस्ट १९६२

शेषराव, जयभीम.

तुझं पत्र महिनाभर खिशात होतं. घडीवर फाटायला लागलं म्हणून आता डिक्शनरीत ठेवावं असं मनात आलं, पण डिक्शनरी आता माझ्याकडं नाही. ती तुझ्याकडं आहे. कशी, ते लिहितो.

आधी हे. मी कबुली दिली आणि मला मोकळं वाटलं, त्याच पत्रानं तुझ्याजवळचं होतं ते एकच काढून घेतलं. मोतीरामजींनी मला तुझ्यापुढं जे राखून ठेवलं आणि जे त्यांच्यामागंही नऊ वर्षं टिकलं, ते मी माझ्याच हातानं मोडलं. फाटकाशी उभं राहून त्यांनी मला वर्तमानपत्रामागं लपताना पाहिलं, आणि घरी जाऊन आजारी मुलाला सांगितलं की मास्तर गावाला गेले. माझ्यावर इतकी दया कुणी केली नव्हती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी कबुली द्यायला नको होती, असं आता वाटतं. मग वाटतं, द्यायलाच हवी होती. महिनाभर या दोन्हींत फिरतोय. तुला माफी मागण्याचंही धैर्य होत नाही, कारण माफी मिळाली तर ती पुन्हा माझ्याच उपयोगाची.

काल रविवारी अकोल्याला आलो. बडनेऱ्याहून गाडी. पाऊस बारीक पडत होता. घर सापडायला त्रास पडला नाही. पहिल्याच माणसाला "तायडे सर" म्हटलं तर तो दारापर्यंत घेऊन आला. मला अभिमान वाटला. त्यात माझा काही वाटा नाही हे आठवूनही वाटला.

डिक्शनरी बरोबर होती, वर्तमानपत्रात बांधून. आत त्याच पानावर तो दाखला आहे. गुडच्या आधी काकपदाची खूण करून मी तो शब्द घातला, बाजूला छोटी सही केली आणि तारीख टाकली, कालचीच. मागची घातली नाही. त्या कागदाचा आता जगात कुणाला उपयोग नाही, हे मला समजतं. पण खरं वाटत असेल तरच घाला असं तू म्हटलं होतंस. तेव्हाही खरंच वाटत होतं.

तुझ्या ओट्याखाली उभा राहून हाक दिली. तुझी बायको बाहेर आली. नंतर तिनं नाव सांगितलं, मनकर्णा. "कोन पाह्यजे?" म्हणाली. मी म्हटलं, "हरकरे. अमरावतीहून आलो." ती थांबली. मागं वळून आत पाहिलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ते घरी नाहीत. गावाले गेले."

दारात पुरुषाच्या चपला होत्या, ओल्या. आत बाजेवर वह्यांचा गठ्ठा होता आणि लाल शाईच्या दौतीचं झाकण उघडं होतं. मी ते पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"केव्हा येतील?" असं मी विचारलं नाही. "बरं," म्हटलं. तिनं विचारलं, "पानी घेता का?" आणि पितळी गडू आणला. मी उभ्यानंच प्यायलो, सगळं. तुमच्या घरचं पाणी मी याआधी कधी प्यायलो नव्हतो, हे पिताना लक्षात आलं.

मग मी म्हटलं, "हे शेषरावचं पुस्तक आहे. इथं ओट्यावर ठेवून जातो, आले की घेतील." मी वाकलो होतो. ती पुढं आली. "ओट्यावर काहून ठेवता? पान्यानं भिजन. द्या इकडे." तिनं दोन्ही हातांनी गठ्ठा माझ्या हातातून घेतला, पदराखाली धरला आणि आत नेला.

मी ओट्यापासून दहा पावलंसुद्धा गेलो नसेन. मागं वळून पाहिलं तर दार उघडंच होतं आणि गठ्ठा बाजेवर वह्यांशेजारी ठेवलेला दिसत होता.

एवढंच कळवायचं होतं. गाठ सैल बांधली आहे. गावाहून आलास म्हणजे सोडून पाहा.

तुझा
चिंतामण हरकरे